घराण्यात आहे म्हणून मलाही होणार का? मनोविकार, व्यसन आणि शरीर यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात दर शनिवारी आम्ही रुग्णांच्या घरच्यांची बैठक घेतो. कोरेगाव, कऱ्हाड, विटा, पलूसहून माणसं येतात, काही जण जत-आटपाडीहून आदल्या रात्रीच नातेवाइकांकडे मुक्कामाला येतात. बैठकीत जे विचारायला संकोच वाटतो ते घरी पोचल्यावर फोनवर लिहून येतं. तेच तेच प्रश्न इतक्यांदा आले की एकदा सगळ्यांची उत्तरं नीट लिहून काढावीत असं वाटलं. मी मानसोपचारात काम करणारी सामाजिक कार्यकर्ती आहे, डॉक्टर नाही. त्यामुळे कुणाला किती गोळी घ्यायची हे इथे मिळणार नाही. शरीरात काय घडतं आणि त्यावरून घरच्यांनी काय करावं, एवढंच मांडते.

१. ताई, मनाचा आजार म्हणता, मग गोळ्या कशाला? मनाला गोळी कशी लागू पडते?

झोप, भूक, भीती, आनंद, संशय, आठवण या सगळ्या गोष्टी मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप पोचवतात तेव्हाच घडतात. हे निरोप डोपामिन, सेरोटोनिन, गाबा, ग्लुटामेट अशा रसायनांतून जातात. १९५२ साली फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध भास-भ्रमाच्या रुग्णांना दिलं गेलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं शांत होऊन बोलू लागली. पुढे कळलं की ते औषध डोपामिनची वाट अडवतं.

मात्र ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. नैराश्य म्हणजे दिव्यातलं तेल संपावं तसं सेरोटोनिन संपणं नसतं. जनुकं, आईच्या पोटात असतानाचं पोषण, लहानपणी सोसलेली मारझोड, सततच्या ताणाने वाढलेलं कॉर्टिसॉल हे संप्रेरक, मोडलेली झोप, थायरॉईड, दारू-तंबाखू असं बरंच काही एकत्र येतं. गोळी त्यातल्या एका ठिकाणी काम करते. बाकीच्या ठिकाणी आपल्याला करावं लागतं.

२. माझ्या वडिलांना स्किझोफ्रेनिया होता. मला किंवा माझ्या मुलांना होणार का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच. विचारणाऱ्याचा आवाज बहुधा अगदी खाली गेलेला असतो, म्हणून आकडेच देते. सर्वसाधारण समाजात आयुष्यभरात साधारण १०० माणसांत एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रमाचा आजार, होतो. आई किंवा वडील यांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये १०० पैकी सुमारे १० जणांना होतो, म्हणजे ९० जणांना होत नाही. आजोबा, काका, मावशी यांना असेल तर धोका आणखी कमी, १०० मागे तीन-चार. बायपोलरचं, म्हणजे कधी आभाळाएवढा उत्साह आणि कधी अंथरूण अशा आजाराचं, गणितही आई-वडिलांच्या बाबतीत जवळपास असंच आहे. नैराश्यात आनुवंशिकतेचा वाटा याहून कमी, साधारण ३५ ते ४० टक्के धरला जातो.

एकाच पेशीपासून झालेल्या, हुबेहूब सारख्या जुळ्यांत एकाला स्किझोफ्रेनिया असला तर दुसऱ्याला होण्याची शक्यता १०० मागे ४० ते ५० असते. जनुकं तंतोतंत तीच असूनही निम्म्यांना आजार होत नाही, हे लक्षात ठेवा. आणि ‘वेडाचं जनुक’ असं एक काही नसतं. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात स्किझोफ्रेनियाशी संबंधित जनुकीय जागा २८७ निघाल्या. प्रत्येकीचा वाटा चिमूटभर. त्यातल्या पुष्कळशा तुमच्या-माझ्यात, धडधाकट माणसांतही असतात.

घराण्यात आजार आहे तर करण्याजोगं काय? गांजापासून दूर (प्रश्न १२), झोप सांभाळणं, आणि पहिली लक्षणं दिसताच डॉक्टर गाठणं. लग्नाबद्दलचा प्रश्न वेगळा आहे, तो शेवटाकडे घेतला आहे.

३. मुलगा बारावीपर्यंत पहिला यायचा. पुण्याला एमपीएससीच्या अभ्यासाला पाठवलं आणि डोकं फिरलं. अभ्यासानेच झालं ना?

नाही. पाठवलंत म्हणून झालं, असं स्वतःला बोल लावू नका. स्किझोफ्रेनियासारखा आजार उगवतोच त्या वयात. मुलांमध्ये बहुधा अठरा ते पंचविशीच्या आसपास, मुलींमध्ये थोडा उशिरा. वाढत्या वयात मेंदू नको असलेले पेशींमधले जोड छाटत असतो, द्राक्षबागेत छाटणी होते तशी. काहींच्या बाबतीत ही छाटणी जास्तच होत असावी असं संशोधन सांगतं. पेशींचे जोड साफ करणाऱ्या सी-४ नावाच्या जनुकाचा त्याच्याशी संबंध २०१६ साली दाखवला गेला.

मग पुण्याची खोली, रात्रीची जागरणं, निकालाची धास्ती यांचा काहीच वाटा नाही? आहे, ठिणगीचा. ठिणगी तिथे पडली नसती तर दुसरीकडेही पडू शकली असती. मुलाने आधी मित्र तोडले, आंघोळ टाळली, उलटसुलट बोलू लागला, तेव्हा ‘अभ्यासाचं टेन्शन आहे’ म्हणून सहा महिने गेले असतील, तर ते सहा महिने मात्र महागात पडतात. उपचार जितका लवकर तितकं नुकसान कमी.

४. रक्त तपासून किंवा एमआरआय काढून मनोविकार कळतो का?

कळत नाही. निदान बोलण्यातून, वागण्यातून आणि घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीतून होतं. ‘जनुकांची तपासणी करून बायपोलर आहे का सांगतो’ अशी जाहिरात दिसली तर पैसे घालवू नका.

तरीही डॉक्टर रक्त काढायला सांगतात, आणि ते वाया जात नाही. थायरॉईड मंदावलं की माणूस सुस्त, उदास, विसरभोळा होतो, हुबेहूब नैराश्यासारखा. थायरॉईड वाढलं की घाबरा आणि चिडचिडा. बी-१२ कमी झालं तर विसर पडतो, हातापायांना मुंग्या येतात, कधी भाससुद्धा होतात. माळकरी, शुद्ध शाकाहारी घरांत हे खास तपासायला हवं. बायकांत हिमोग्लोबिन. म्हाताऱ्यांत सोडियम. पहिल्यांदाच फिट आली असेल, डोक्याला मार लागला असेल किंवा चाळिशीनंतर एकाएकी भास सुरू झाले असतील तर स्कॅनही लागतो.

५. गावात सगळेच पितात. माझ्याच नवऱ्याला व्यसन का जडलं?

दारूचं व्यसन लागण्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. १९७३ साली डेन्मार्कमधला एक अभ्यास आला. दारुड्या वडिलांची मुलं लहानपणीच दुसऱ्यांनी दत्तक घेतली होती, त्यांनी बापाला पिताना पाहिलंही नव्हतं. तरी त्यांच्यात दारूचा आजार इतर दत्तक मुलांच्या जवळपास चौपट निघाला.

यात एक गोष्ट आपल्याकडे नेमकी उलटी समजली जाते. ‘आमच्या पाव्हण्याला कितीही पाजा, चढत नाही’ असं कौतुकाने सांगतात. तरुणपणी ज्याला दारू कमी चढते त्याला पुढे व्यसन लागण्याचा धोका जास्त असतो. दोन पेगांत मळमळणाऱ्याला शरीरच थांबवतं. पचवणाऱ्याला कुणी थांबवत नाही. ज्या पोराचा बाप-चुलता दारूने गेला आणि ज्याला स्वतःला चढत नाही, त्याने पहिला घोटच घेऊ नये असं मी स्पष्ट सांगते. दुसरी गोष्ट वयाची. पंधराव्या वर्षाआधी सुरुवात केलेल्यांत व्यसन कितीतरी जास्त दिसतं, कारण मेंदूचा लगाम धरणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत पिकतच असतो.

६. मनावर घेतलं तर सुटते. हा मनाचा कमकुवतपणाच नाही का?

१९५४ साली ओल्ड्स आणि मिल्नर या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. एक दांडी दाबली की मेंदूच्या एका ठरावीक भागाला विजेचा हलका झटका मिळे. उंदीर ती दांडी तासाला शेकडो वेळा दाबत राहिले. हीच ती वाट, जिथे डोपामिन सुटतं. गोडधोड, शाबासकी, मायेचा स्पर्श यांनीही ती उजळते. दारू, निकोटिन, गांजा तीच वाट फार जोरात उजळवतात, आणि वारंवार झालं की साध्या सुखांनी ती उजळेनाशी होते. मग पगाराचा दिवस, गुत्त्याकडे वळणारा रस्ता, जोडीदाराच्या मोटारसायकलचा आवाज एवढ्यानेही तलफ उठते. त्या क्षणी माणूस मनावर घेत नाही असं नाही. त्याचा लगाम ढिला झालेला असतो.

याला दुसरी बाजू आहे, आणि ती फौजी घरांनी ऐकावी. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचातला एक जण तिथे हेरॉईनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी ते घरी परतल्यावर पाठपुरावा केला. पहिल्या वर्षात त्यांतले साधारण ५ टक्केच पुन्हा व्यसनात पडले. जागा बदलली, सोबत बदलली, पुरवठा तुटला. आपल्याकडे निवृत्त होऊन गावी आलेल्या जवानाच्या बाबतीत बरोबर उलटं होतं. हाताला काम नाही, जुने मित्र भोवती, आणि महिन्याला कॅन्टीनची बाटली. अपशिंगेसारख्या, घराघरांतून फौजेत माणसं दिलेल्या गावांच्या या जिल्ह्यात मी अशी किती घरं पाहिली, मोजलेली नाहीत. कॅन्टीन कार्ड घरातल्या बाईच्या हाती देणं हा छोटा वाटणारा उपाय पुष्कळ काम करतो.

७. नवऱ्याने सोमवारपासून दारू एकदम बंद केली. आता हात थरथरतात, घाम येतो. किती दिवस सोसायचं?

सोसायचं नाही. आजच्या आज दवाखाना.

दारू मेंदूतल्या शांत करणाऱ्या गाबाला जोर देते आणि चेतवणाऱ्या ग्लुटामेटला दाबते. वर्षानुवर्षं रोज दारू आली की मेंदू तोल राखायला चेतवणारी बाजू वाढवून ठेवतो. एक दिवस दारू काढून घेतली की ब्रेक नसलेली, ॲक्सिलरेटर दाबलेली गाडी उरते. ६ ते २४ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप उडणं. १२ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना मोठा झटका येतो: ताप, भिंतीवर किडे दिसणं, माणसं न ओळखणं, हवेत हात मारत राहणं. याला डिलिरियम ट्रिमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो.

माझे थोरले चुलते असेच गेले. घरच्यांनी प्रेमाने, त्यांच्याच संमतीने, त्यांना माडीवर कोंडलं होतं. तिसऱ्या दिवशी ‘बघा, भूत लागलंय’ म्हणून शेजारी अंगारा घेऊन आले. मी तेव्हा नववीत होते. मी या कामात आले ती त्यांच्यामुळे.

दवाखान्यात चार-पाच दिवस ठरावीक गोळ्या देऊन, त्या हळूहळू कमी करत हा काळ पार पाडता येतो. सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, इंजेक्शनने देतात. दारूवरच जगलेल्या माणसात ते संपलेलं असतं. त्याला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावलं तर डोळे तिरळे होणं, तोल जाणं, गोंधळ हा त्रास बळावू शकतो, आणि पुढे स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून गावातल्या डॉक्टरांकडे ‘अशक्तपणाचं सलाईन’ मागायला जाल तेव्हा रोजची दारू आहे हे आधी सांगा.

ऑपरेशनच्या वेळीही हेच. मिरजेला खुब्याच्या हाडासाठी नेलेला माणूस तिसऱ्या रात्री सलाईन उपसून पळू लागतो, आणि सगळे भुलीला दोष देतात. घरच्यांनी लाजेने दारूची गोष्ट लपवलेली असते. भरती करतानाच सांगा: रोज किती, शेवटची कधी घेतली.

८. पण आमच्या आळीतल्या तिघांची माळ घातल्यावर सुटली. औषध कशाला?

तिघांची सुटली याचा मला मनापासून आनंद आहे. माळेत ताकद आहे, आणि ती शरीरातूनच काम करते: रोजची वेळ ठरते, संध्याकाळी गुत्त्याऐवजी भजन, सोबत बदलते, सगळ्या गावासमोर दिलेला शब्द असतो. प्रश्न ६ मधल्या सैनिकांना जे मिळालं तेच हे.

फक्त क्रम सांभाळा. सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, असा माणूस असेल तर आधी दवाखान्यात शरीर दारूतून बाहेर काढा, मग माळ घाला. आषाढीच्या दिवशी माळ घालून तिथूनच बंद करायचं ठरवलं असेल तर आठ-दहा दिवस आधी डॉक्टर गाठा. महाराजांनाही सांगा. आमच्या ओळखीचे दोन कीर्तनकार आता माळ घालण्याआधी स्वतःच विचारतात, ‘सकाळी हात कापतात का?’

९. त्यांना न सांगता भाजीत दारू सोडवायची पूड घातली तर चालेल का?

चालणार नाही, हात जोडून सांगते. डायसल्फिराम नावाचं औषध शरीरात दारूचं पचन अर्ध्यावर अडवतं. ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं, चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. आपण हे औषध घेतोय हे ज्याला माहीत आहे तो दारूला हात लावत नाही, आणि औषधाचं काम तेवढंच असतं. ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखा पितो, आणि हृदय कमजोर असेल तर मरू शकतो. गोळी थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहतो. बिननावाच्या पुड्यांत काय असतं ते तर विकणाराही सांगत नाही. तलफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी दुसरी औषधं आहेत, तीही त्यांना सांगूनच, तपासणी करून.

१०. मी फक्त मिश्री लावते. तेही व्यसनच का?

हो, तेही व्यसनच. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं. सकाळी मिश्री लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते, ही निकोटिन उतरल्याची लक्षणं आहेत. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं उतरतं, म्हणून दिवसातून पाच-सहा वेळा डबी उघडावी लागते. गरोदरपणी मिश्रीने बाळाचं वजन कमी भरतं. सासूबाईंनी सवय लावली असेल तर दोघींनी मिळून सोडा, सोपं जातं.

११. भावाने बिडी सोडली, आणि त्याच गोळ्यांनी तो दिवसभर झोपू लागला. असं कसं?

फार चांगला प्रश्न, आणि तो कुणी विचारत नाही म्हणून गडबड होते. बिडी-सिगारेटच्या धुरातले घटक यकृतातलं एक एन्झाइम वाढवतात. ते क्लोझापिन, ओलान्झापिन ही भास-भ्रमावरची औषधं लवकर निकामी करतं. म्हणून ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. बिडी थांबली की आठवडाभरात एन्झाइम पूर्वीसारखं होतं आणि त्याच डोसने रक्तातलं औषध वाढतं: झोप, लाळ गळणं, क्लोझापिन असेल तर फिटसुद्धा. बिडी सोडणं चांगलंच आहे, पण सोडण्याआधी डॉक्टरांना कळवा. अपवाद असा की हे काम धुराचं आहे, निकोटिनचं नाही. मिश्री, मावा, गुटखा सोडला तर डोस बदलावा लागत नाही.

१२. गांजाने वेड लागतं, की वेड लागलेलाच गांजा ओढतो?

दोन्ही घडतं. पण शाळकरी वयात सुरू केलेला, रोजचा, कडक गांजा भास-भ्रमाच्या आजाराचा धोका वाढवतो, आणि घराण्यात आजार असेल तिथे जास्तच. गांजातलं टीएचसी हे नशा आणणारं रसायन मेंदूतल्या पेशींवरच्या ज्या निरोप पकडणाऱ्या जागांना चिकटतं त्या वाढत्या वयात पेशींचे जोड घडवण्याच्या कामात असतात. ‘महादेवाचा प्रसाद आहे’ हे ऐकू येतं. भांग कायद्याने गांजात मोजली जात नाही हे खरं, टीएचसी मात्र तिच्यातही असतं. ज्याला एकदा भास झाले आहेत त्याने शिवरात्रीलाही घेऊ नये.

१३. दारूही आहे आणि उदासपणाही. आधी उपचार कशाचा?

दोन्हीचा एकदम. पूर्वी ‘आधी दारू सोडा, मग या’ असं सांगून परत पाठवायचे, त्यात माणसं हातची गेली. दारू स्वतःच उदासी आणते. बंद झाल्यावर साधारण चार आठवड्यांत ती पुष्कळांची आपोआप ओसरते. चार आठवड्यांनंतरही राहिली, किंवा दारूच्या आधीपासून होती, तर नैराश्य वेगळं धरून औषध चालू करतात. मात्र मरणाचे विचार असतील तर चार आठवडे थांबायचं नाही.

१४. बहीण माहेरी बाळंत झाली. पाचव्या दिवसापासून झोपत नाही, बाळ आपलं नाही म्हणते.

आजच न्या. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं सर्रास असतं आणि ते दोन आठवड्यांत जातं. तुम्ही लिहिता ते निराळं आहे. हजार बाळंतिणींत एक-दोघींना पहिल्या दोन आठवड्यांत हा तीव्र आजार होतो. बाळंत झाल्यावर इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरकं एकदम कोसळतात, त्यात जागरण. आधी बायपोलर असलेल्या बाईला धोका खूप जास्त. बाळाला आणि तिला एकटं ठेवू नका, आणि बाहेरचं काही लागलं म्हणून सव्वा महिना वाट पाहू नका. उपचाराने बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात.

ज्यांची गोळी आधीपासून चालू आहे त्यांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. बायपोलरसाठी दिलं जाणारं व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असतं, ते बदलावं लागतं. पण घाबरून सगळ्याच गोळ्या बंद करू नका.

१५. आजोबा कालपर्यंत ठणठणीत होते. रात्रीपासून गेलेल्या माणसांशी बोलतात. वेड लागलं का?

म्हातारपणी एका-दोन दिवसांत आलेला गोंधळ बहुधा शरीरातला बिघाड असतो: लघवीचा संसर्ग, कमी झालेलं सोडियम, पाणी कमी पडणं, नवीन गोळी. सकाळी बरे, संध्याकाळी वाईट अशी चढउतार असते. आधी फिजिशियनकडे न्या. रोज दारू घेत असतील आणि दोन दिवसांत मिळाली नसेल तर प्रश्न ७.

१६. आईच्या अंगात येतं. हा मनोविकार का?

नवरात्रात, देवीच्या दारी, ठरल्या वेळी येतं आणि उतरल्यावर ती नेहमीसारखी भाकरी थापायला बसते, तर त्याला आजार म्हणत नाहीत. निदानाची पुस्तकंही तसंच सांगतात. अवेळी, घरीदारी, कामधंदा बंद पाडणारं, झोप-जेवण तोडणारं असेल तर दाखवा. साखळीने बांधणं, मारणं, धूर देणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झगडलेले नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच, डॉक्टरकीचं शिक्षण त्यांनी मिरजेत घेतलं.

१७. या गोळ्यांची सवय लागते का?

सगळ्या गोळ्या एका मापाने मोजू नका. नैराश्याच्या गोळ्यांची तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावा असं वाटत नाही. असर दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बंद करताना हळूहळू कराव्या लागतात. भास-भ्रमाच्या गोळ्यांचंही तसंच. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या गोळ्यांची मात्र सवय लागते. त्या दारूसारख्याच गाबावर काम करतात, म्हणून वर्षभर घेऊन एकदम बंद केल्या तर फिट येऊ शकते. मेडिकलवाल्याकडून जुनी चिठ्ठी दाखवून त्या आणू नका.

१८. माझी लिथियम चालू आहे. वारीला जाऊ का?

जा, तयारीने. लिथियमचं औषधपण १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी दाखवलं, आणि बायपोलरसाठी ते आजही पहिल्या रांगेत आहे. पण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. शरीरातलं पाणी-मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि पातळी चढते. लोणंद ते तरडगाव उन्हात चालायचं, चांदोबाच्या लिंबापाशी रिंगण बघत उभं राहायचं, घाम गाळायचा, आणि पाय दुखतात म्हणून दिंडीतल्या कुणाकडून डायक्लोफेनॅक घ्यायची: नेमकी ही जुळणी धोक्याची. दुखण्याला पॅरासिटामॉल चालते. पाणी पीत राहा, मीठ तोडू नका, एकादशीला निर्जळी नको. जुलाब-उलट्या झाल्या, हात जोरात थरथरू लागले, जीभ जड झाली, तर गोळी थांबवून लगेच वैद्यकीय पथक गाठा. निघण्याआधी रक्तातली पातळी तपासून घ्या. उसाच्या फडात उन्हात काम करणाऱ्यांनाही हे सगळं लागू.

१९. आमच्या घरात दोघांनी औषध पिऊन जीव दिला. हेही रक्तात येतं का?

काही अंशी घराण्यात धोका वाढलेला दिसतो, नैराश्याचा हिशेब वेगळा काढला तरी. ते ठरलेलं नसतं. तो क्षण बहुतेकदा येऊन जाणारा असतो, आणि त्या क्षणी हाताशी काय आहे यावर फार काही अवलंबून असतं. तासगावकडच्या बागायतदारांना मी एकच मागणं मागते: फवारणीचं औषध राहत्या घरात ठेवू नका, मळ्यात कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे. घरात कुणी उदास असेल तर त्याला थेट विचारा, ‘मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार येत नाहीत, बोलायला जागा मिळते. प्रयत्न केलेल्याला आता गुन्हेगार धरत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने तो माणूस तीव्र ताणाखाली होता असं मानून उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका.

२०. मामाच्या मुलीशी ठरतंय. आजीला वेडाचे झटके यायचे. करावं का?

आजी दोघांचीही एकच आहे, हे इथे महत्त्वाचं. बाहेरच्या मुलीशी लग्न झालं तर मुलाला तो वारसा एका बाजूने येतो, इथे दोन्हींकडून येऊ शकतो. शिवाय जवळच्या नात्यात बाळाला जन्मजात दोष असण्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट, १०० मागे दोन-तीन ऐवजी चार-सहा होतं. तुम्ही मला विचारलंत म्हणून सांगते: आजार आजीपुरता असेल तर घाबरण्यासारखं थोडं, आई किंवा मामा यांच्यापैकी कुणालाही असेल तर मी टाळा म्हणेन. आजीला नेमकं काय होतं हे घरातल्या सर्वांत वयस्कर बाईला विचारून आधी लिहून घ्या. आणि नात्यातलं असो वा बाहेरचं, ज्याची गोळी चालू आहे त्याने ती लपवून लग्न करू नये. लग्नाच्या गडबडीत गोळी लपवण्यासाठी बंद करतात आणि हळद उतरायच्या आत आजार उलटतो, हे मी दरवर्षी पाहते.

२१. न्यायचं कुठे, आणि जाताना काय न्यावं?

जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव काढलं की माणसं घाबरतात, पण बहुतेकांना भरती करावंच लागत नाही. रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला १४४१६ वर फोन करा, चोवीस तास, मोफत, मराठीत. फिट आली, शुद्ध हरपली किंवा हातभट्टीनंतर डोळ्यांपुढे अंधार आला तर फोनवर वेळ घालवू नका, १०८ बोलवा.

जाताना जुन्या चिठ्ठ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटं न्या, देशी-आयुर्वेदिक पुड्यांसकट. एका कागदावर घराण्याची झाडासारखी आखणी करा: आजी-आजोबा, काका, आत्या, मामा, मावशी, कुणाला झटके, कुणाची दारू, कुणी जीव दिला, कोण घर सोडून गेलं. आईकडची बाजू विसरू नका, ती नेहमी कोरी येते. आणि ज्याच्यासोबत रुग्ण मोकळेपणी बोलतो त्यालाच बरोबर घ्या, मग ती धाकटी सून का असेना.